न सुटणारा धोटा



तासाभरापूर्वी शेजारच्या दालनात पुस्तकांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन माझ्या हस्ते झालं. तबकातली कात्री उचलली, फीत कापली, टाळ्या झाल्या. तुमच्यातल्या काहींच्या लक्षात आलं असेल, कापलेला एक तुकडा मी हळूच खिशात घातला. चाळीस वर्षं फितीच्या धंद्यात काढलेल्या माणसाच्या जिवावर येतं फीत कापणं, आणि कापलीच तर तिचे काठ बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

हा तो तुकडा. दोन बोटं रुंद, तांबडा, साटीनचा. याच्या एका काठावरून नख फिरवलं तर ते सरळ निघून जातं. दुसऱ्या काठावर नखाला बारीक खरखर लागते. भिंगातून पाहिलं तर तिथं स्वेटरच्या विणीसारखी साखळी दिसेल, एका फासात दुसरा फास अडकवलेली. फीत एक, पण काठ दोन तऱ्हांचे. असं का, ते शेवटाकडे सांगतो. त्यासाठी आधी चारशे वर्षं मागं जायला हवं.

'फीत' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला, त्यांच्या 'फिता'वरून. पुढे इंग्रजांनी कागदांचे गठ्ठे तांबड्या फितीत बांधले आणि आपल्याला 'लालफीत' मिळाली, ती अजून सुटलेली नाही. वस्तू आपल्याला नवी नव्हती. नाडी होती, पलंगाची नवार होती. पण कपड्यावर वरून शिवायची शोभेची पट्टी आपल्याला फारशी लागली नाही, कारण आपला काठ कापडाबरोबरच विणला जातो. विदर्भातली करवत काठाची साडी बघा. तिला तीन धोटे लागतात, अंगाला एक आणि दोन काठांना एकेक. युरोपात कापड साधं विणायचं आणि सजवायची पट्टी वेगळी विणून त्यावर लावायची, अशी चाल पडली. त्यामुळे फीत विणणं हा तिकडे स्वतंत्र धंदा झाला आणि त्याची भांडणंही स्वतंत्र झाली.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला तोंडी परीक्षेत विचारलेल्या एका प्रश्नापासून सुरुवात करतो.

मी इचलकरंजीचा. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आमच्या गावात पहिला यंत्रमाग बसवला आणि माझा जन्म होईपर्यंत गल्लोगल्ली माग झाले होते. आमच्या पुढच्या सोप्यातच चार होते. त्या खटखटीत आम्ही पोरं गाढ झोपायचो. वीज गेली की मात्र दचकून जागे व्हायचो. चालत्या मागावर धोटा दिसत नाही, त्याचा नुसता भास होतो. आणि तो कधीकधी उडतो. माझ्या काकांच्या कपाळावर भुवईच्या वर एक खोक होती, ती अशाच उडालेल्या धोट्याची. तर सरांनी विचारलं, "ताण्यातून धोटा पलीकडे जातो कसा?" यापेक्षा सोपा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. म्हटलं, "सर, काठीचा फटका बसतो आणि तो फेकला जातो." सरांनी ड्रॉवर उघडला, एक वस्तू माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "मग हा फेकून दाखवा."

ती वस्तू म्हणजे हा धोटा. पुढे सरांनी तो मला देऊन टाकला. मागे बसलेल्यांना दिसत नसेल, म्हणून सांगतो. तळहाताएवढा आहे, पिवळसर, दाट कणीच्या लाकडाचा, चंद्रकोरीसारखा वाकलेला. आमच्या यंत्रमागाच्या धोट्याला दोन्ही टोकांना पोलादी अणी असतात. याची टोकं बोथट आहेत. मध्ये करंगळीच्या पेराएवढी कांडी, तिच्याशेजारी केसासारखी तारेची स्प्रिंग. उलटा केला की पोटावर दाते दिसतात, करवतीसारखे. असला धोटा फेकताच येत नाही. मी नापास झालो नाही, पण त्या दिवशी फितीच्या मागाच्या नादी लागलो तो कायमचा.

साधा माग घ्या. ताण्याचे निम्मे धागे वर जातात, निम्मे खाली राहतात, मध्ये फट पडते. त्या फटीतून धोटा बाण्याचा धागा मागं सोडत पलीकडे जातो आणि फणी तो धागा ठोकून बसवते. कापड दोन हात रुंद असलं की धोट्याला पळवावंच लागतं. क्षणभर तो कुणाच्याच ताब्यात नसतो. सगळी भिस्त नेमावर. फीत बोटभर रुंद. तिच्यात धोटा एका हातानं सारायचा आणि दुसऱ्या हातानं धरायचा. एक माणूस, एक माग, एक फीत. दिवसभर बसून हाती लागायची ती सुतळीच्या तोड्याएवढी वळकटी.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की धोटाच फितीपेक्षा लांब केला तर? पुढचं टोक पलीकडच्या खोबणीत शिरेपर्यंत मागचं टोक अलीकडच्या खोबणीत राहतंच. म्हणजे तो कधी सुटतच नाही. सुटत नाही म्हणून फेकावा लागत नाही, झेलावा लागत नाही, उडून कुणाचं कपाळ फोडत नाही. आणि असे चार, सहा, वीस धोटे एकाच आडव्या चौकटीवर ओळीनं बसवले तर एका झटक्यात सगळे शेजारच्या घरात सरकवता येतात.

शेजारच्या घरात, हे अगदी शब्दशः. दोन फितींच्या मध्ये लाकडाचा एकच ठोकळा असतो. सगळे धोटे उजवीकडे गेले की त्या ठोकळ्यात डावीकडच्या फितीचा धोटा विसावतो. सगळे डावीकडे आले की उजवीकडच्या फितीचा. एकच खोली, दोन बिऱ्हाडं, एक बाहेर पडलं की दुसरं आत. चाळीत वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

जुन्या मागांवर हे सरकवणं कंगव्यासारख्या पट्टीनं व्हायचं. पट्टीचे दात धोट्यांना ढकलायचे. नंतर दाते आणि चक्रं आली. खाली एक लांब दात्यांची पट्टी, तिच्यावर छोटी चक्रं, चक्रांवर धोट्याच्या पोटातले दाते. पट्टी डावीकडे ओढली की धोटे उजवीकडे जातात. प्रत्येक फटीच्या दोन्ही अंगांना चक्र असतं आणि एकानं धोटा सोडण्याआधी दुसऱ्यानं तो पकडलेला असतो. इथं एक बारीक भानगड होती. धोटा फितीच्या रुंदीपेक्षा जास्त अंतर चालतो, म्हणून धागाही जास्त सुटतो. तो मागं ओढून घेतला नाही तर काठाला फुगे येतात. मघाची स्प्रिंग त्यासाठी आहे. धोटा विसावला की ती ढिला धागा गपकन आत घेते. बोटाला ती जाणवतसुद्धा नाही, पण ती नसती तर दात्याचक्रांची एवढी हुशारी फितीच्या काठावर उघडी पडली असती.

आणि तो वाकडा का? सरळ धोटा फितीहून लांब, आणि त्याला विसावायला तेवढाच ठोकळा हवा. म्हणजे मागाची निम्म्याहून जास्त रुंदी नुसती धोट्यांच्या बसण्या-उठण्यात जाते. धोटा वाकवून कमानीत फिरवला की तो कमी जागेत मावतो, फिती जवळजवळ येतात आणि त्याच मागावर आणखी चार जास्त निघतात. पुढे धोट्यांचे मजलेही चढले. दोन-तीन ओळी एकावर एक, प्रत्येक ओळीत वेगळा रंग, आणि हवी ती ओळ फटीसमोर आणायची.

पहिली कल्पना कुणाची, हे सांगणं कठीण आहे. पुस्तकांतून एक गोष्ट सारखी भेटते. लान्चेलॉत्ती नावाच्या इटालियन धर्मगुरूनं १६३६ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात लिहिलं, की डान्झिग शहरात एकाच वेळी चार-सहा फिती विणणारं यंत्र अंतोन म्युलर नावाच्या माणसानं पाहिलं होतं, सुमारे पन्नास वर्षांपूर्वी. पण गरिबांचं पोट मारलं जाईल या भीतीनं नगरपालांनी यंत्र दाबून टाकलं आणि ते करणाऱ्याला गुपचूप गळा दाबून किंवा पाण्यात बुडवून मारलं. नीट ऐका. गळा दाबून 'किंवा' बुडवून. सांगणाऱ्यालाच खात्री नाही. आणि म्युलर हा पाहणारा आहे, करणारा नव्हे. तरी कितीतरी पुस्तकांनी त्यालाच संशोधक ठरवून त्याचा खून पाडला आहे. मार्क्सनं 'भांडवल'च्या पहिल्या खंडात ही गोष्ट घेतली आणि ती जगभर झाली. माझ्या मते ती ऐकीव आहे.

पण ऐकीव गोष्टीमागची भीती ऐकीव नव्हती, त्याचे सरकारी कागद आहेत. लायडेनमध्ये १६२०च्या सुमारास असले माग आले आणि फीत विणणाऱ्यांनी दंगा केला. डच सरकारनं १६२३ पासून त्यांच्यावर एकामागून एक बंधनं घातली. लंडनमध्ये ऑगस्ट १६७५ मध्ये विणकरांनी घराघरांतून असले माग बाहेर ओढले आणि रस्त्यात त्यांच्या होळ्या केल्या. कोलोनमध्ये १६७६ला बंदी आली. हँबुर्गच्या नगरसभेनं तर आपल्याच हुकमानं एक माग चारचौघांत जाळला. सॅक्सनीत उघडपणे तो वापरायला १७६५ उजाडलं. कताईची यंत्रं आणि वाफेचे कारखाने यांच्या कितीतरी आधीची ही सगळी हकीकत आहे. औद्योगिक क्रांतीचा धडा आपण मँचेस्टरपासून शिकवतो. यंत्राविरुद्धची भांडणं त्याच्या दीडशे वर्षं आधी या बोटभर फितीवरून झाली.

एवढी भीती कशाची? वीस फिती निघतात, हे तर झालंच. पण या मागाच्या एका घडणीत पुढं आडवा दांडा असे. तो मागंपुढं ढकलला की ताणा उघडायचा, धोटे सरकायचे, फणी ठोकायची, विणलेली फीत गुंडाळली जायची, सगळं आपोआप. ज्याला विणकामातलं ओ की ठो कळत नाही असा पोरगाही दांडा ढकलू शकायचा. सात वर्षं उमेदवारी करून शिकलेल्या कारागिराला हे दिसलं, आणि त्याला दिसलं ते बरोबरच होतं.

इथं माझं एक म्हणणं आहे. धोटा हातातून गेला, पण डोळ्यांवरचं काम वाढलं. समजा वीस फिती, प्रत्येकीत दोनशे धागे. चार हजार धागे झाले. त्यातला एक तुटला की वीसच्या वीस फिती थांबतात, कारण दांडा एक आहे. एका फितीच्या मागावर धागा दिवसातून दोनदा तुटत असेल तर इथं चाळीसदा तुटणार. म्हणजे जितक्या फिती वाढवाल तितका माग जास्त वेळ उभा. हाताचा वेग वाढवणं सोपं होतं. तुटलेला धागा वेळेवर दिसणं हे अवघड. १७६०च्या दशकात मँचेस्टरला गार्टसाइड नावाच्या गृहस्थानं फितीच्या मागांचा कारखाना काढला. तो फायद्यात आला नाही, कारण प्रत्येक मागामागं एक माणूस राखणीला ठेवावाच लागला. धोटा यंत्र चालवत होतं, पण मजुरी तेवढीच द्यावी लागत होती. म्हणून मला विचाराल तर फितीच्या मागातली मोठी सुधारणा माग चालवण्यातली नाहीच. ती माग थांबवण्यातली आहे. प्रत्येक धाग्यावर टांगलेली पत्र्याची हलकी पट्टी, धागा तुटला की ती पडते आणि माग जागच्या जागी उभा राहतो. त्या पट्टीनं राखणदाराच्या डोळ्यांवरचा भार उतरवला, आणि मग एका माणसाकडे दोन माग आले, चार आले. दांड्यानं कारागिराची नोकरी घेतली असं सगळे म्हणतात. त्या पत्र्यानं किती घेतल्या, हे कुणी मोजलेलं नाही.

जॉन केचं नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात असतं, उडत्या धोट्याचा संशोधक म्हणून. १७३३. ज्यानं धोटा उडवायला शिकवलं, त्याच गृहस्थानं बारा वर्षांनी, १७४५ मध्ये, जोसेफ स्टेल नावाच्या सहकाऱ्याबरोबर फितीच्या मागाचं पेटंट घेतलं, जिथं धोटा उडतच नाही. त्यात दांडा ढकलणाऱ्या माणसाच्या जागी फिरतं चाक आणायची सोय होती. तेव्हा ती चालली नाही, पण माझ्या मनात केबद्दल आदर आहे तो या दुसऱ्या कामासाठी. रुंद कापडाला धोटा सोडायचा आणि अरुंदाला धरायचा, हे एकाच डोक्याला सुचणं सोपं नाही.

आता बाझल. स्वित्झर्लंडमधलं राइन नदीवरचं हे गाव. १६६०च्या दशकाच्या अखेरीस एमानुएल होफमान नावाच्या व्यापाऱ्यानं हॉलंडमधून हा माग चोरून आणला. तिथल्या विणकरांनी तक्रारी केल्या, वाद झाले, पण बाझलच्या कारभाऱ्यांनी माग जाळला नाही. त्यांनी तो ठेवला. पुढची अडीचशे वर्षं बाझल रेशमी फितीवर जगलं. फितीच्या व्यापाऱ्यांना तिथं लोक फितीचे सरदारच म्हणायचे. माग मात्र शहरात नव्हता. तो आसपासच्या खेड्यांत, शेतकऱ्याच्या माजघरात, घरातली सगळ्यात उजेडाची जागा अडवून उभा. मालकी सरदाराची, जागा शेतकऱ्याची. रेशीम शहरातून गाडीवानाबरोबर यायचं, विणलेली फीत त्याच गाडीनं परत जायची, घरातली पोरं कांड्या भरायची. आमच्याकडे ज्याला खर्चीवाला म्हणतात, सूत व्यापाऱ्याचं आणि विणाई आपली, त्याचाच हा जुना अवतार. फरक एवढाच की खर्चीवाल्याचा माग निदान स्वतःचा असतो.

या फितीची एक शेपूट आपल्या मुंबईपर्यंत आली आहे. फितीच्या रेशमाला रंग लागायचा. १८५९ साली आलेक्सांद्र क्लावेल या रेशीम रंगवणाऱ्यानं बाझलमध्ये फुक्सिन हा नवा कृत्रिम तांबडा-जांभळा रंग करायला घेतला. त्या कामातून पुढे १८८४ मध्ये जी कंपनी उभी राहिली तिला आपण सीबा म्हणून ओळखतो. रंगातून औषधं आली आणि विसाव्या शतकाच्या साठीत याच सीबाचं संशोधन केंद्र गोरेगावात उभं राहिलं. गोरेगावच्या त्या रसायनशास्त्रज्ञांपैकी कुणाला आपलं मूळ फितीच्या मागात आहे हे ठाऊक होतं का, कोण जाणे.

इंग्लंडमधलं कोव्हेंट्री हे फितीचं दुसरं गाव. कादंबरीकार जॉर्ज एलियट तरुणपणी तिथं राहिली. 'मिडलमार्च'मधला नगराध्यक्ष फितीचा कारखानदार आहे तो उगाच नाही. तिथं मजुरीचं एक दरपत्रक असायचं, मालक आणि विणकर यांनी मिळून ठरवलेलं. इचलकरंजीत पिकावर, म्हणजे बाण्याच्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी ठरते, त्यावरून जे संप होतात, जी बैठकांची गुऱ्हाळं चालतात, ती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कोव्हेंट्री परकं वाटणार नाही. दराखाली काम करणाऱ्याला गाढवावर उलटं बसवून धिंड काढायची तिथली रीत होती. हो, आपल्यासारखीच, गाढवावरून. नोव्हेंबर १८३१ मध्ये बेक नावाच्या मालकानं फितीचे माग वाफेवर चालवायला घेतले. जमावानं माग तोडले आणि कारखाना पेटवून दिला. तिघांना फाशी सुनावली गेली. नंतर ती बदलून त्यांना समुद्रापार काळ्या पाण्यावर पाठवलं.

पण मला जळलेल्या कारखान्यापेक्षा कोव्हेंट्रीची घरं जास्त बोलकी वाटतात. विणकराला वाफ नको होती असं नाही. त्याला कारखान्याची भोंगेवाली शिस्त नको होती. म्हणून जॉन आणि जोसेफ कॅश या भावांनी १८५७ मध्ये किंगफील्डला एक निराळाच घाट घातला. तीन मजली घरांची रांग. खालचे दोन मजले राहायला, वरचा मजला मागाला, भिंतभर खिडक्यांचा. मध्ये एक वाफेचं इंजिन, आणि त्याचा फिरता दंड सगळ्या घरांच्या वरच्या मजल्यांतून आरपार गेलेला. विणकर सकाळी बायकोच्या हातचा चहा घेऊन जिना चढायचा आणि आपल्या मागाचा पट्टा त्या दंडावर टाकायचा. शक्तीचं भाडं दर आठवड्याला. शंभर घरं बांधायची ठरली होती, अठ्ठेचाळीस झाली.

या घरांची चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आमचा सोपा आठवला. माग घरात, पोरं घरात, आणि शक्ती बाहेरून तारेनं येते. आमच्याकडे वीज बोर्डाची होती, त्यांच्याकडे इंजिन कॅशबंधूंचं, एवढंच. घरच्या विणकराला एक सोय असते, तो हवं तेव्हा उठून भाकरी खाऊ शकतो. पण दंड फिरतोय आणि भाडं चालू आहे हे डोक्यात असलं की भाकरी घशाखाली किती उतरते, हेही आम्हाला ठाऊक आहे. आमचे वडील जेवताना एक कान सोप्याकडे ठेवायचे. चारपैकी एका मागाचा आवाज बदलला की घास हातात तसाच.

ती घरं उभी राहून तीन वर्षं झाली नाहीत तोच जानेवारी १८६०चा फ्रान्सबरोबरचा व्यापारी करार आला. परदेशी रेशमावरची जकात गेली आणि फ्रान्समधल्या सेंट एतियेनच्या आणि बाझलच्या स्वस्त, नक्षीदार फिती इंग्लंडात घुसल्या. कोव्हेंट्री बसलं. हजारो माणसं गाव सोडून गेली. उरलेल्यांनी वाट बदलली. थॉमस स्टीव्हन्सनं १८६२ मध्ये जकार्डच्या, म्हणजे नक्षीच्या, मागावर पुस्तकात ठेवायच्या विणलेल्या खुणा काढल्या, पुढे पोस्टकार्डाएवढी रेशमी चित्रं विणली. कॅशनी कपड्यांवर शिवायच्या नावांच्या पट्ट्या केल्या. तुमच्या शर्टाच्या कॉलरमागं टोचणारं विणलेलं लेबल याच कुळातलं. फीत शोभेतून उठून नावात गेली.

विजेची मोटर आली तेव्हा बाझलच्या खेड्यांतल्या आणि सेंट एतियेनच्या घरगुती विणकराला पुन्हा थोडा श्वास मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या घरांत तारा गेल्या आणि इंजिनाच्या दंडाची गरज संपली. पण १९२०च्या दशकात बायकांनी केस कापले, टोप्यांवरच्या फिती गेल्या, आणि जे यंत्रानं केलं नव्हतं ते फॅशननं केलं. त्याच सुमारास आणि पुढची कितीतरी वर्षं आपल्याकडे शाळेत दोन वेण्या आणि तांबड्या रिबिनी सक्तीच्या होत्या. बाझलच्या सरदारांना हे कळलं असतं तर त्यांनी आपल्या शिक्षण खात्याला मानपत्र दिलं असतं.

आता पुन्हा या तुकड्याकडे वळतो, कारण त्याचं उत्तर देणं राहिलं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फितीच्या मागात सुई आली. आमच्या धंद्यात तिला नीडल लूमच म्हणतात. धोटा काढूनच टाकला. त्याच्या जागी कोयत्यासारखी वाकलेली एक सुई ताण्यात शिरते, धागा घेऊन जाते, पलीकडे पोचवते आणि परत येते. जाता-येता धागा दुहेरी पडतो आणि पलीकडच्या काठाला त्याचा फास राहतो. तो फास तिथं उभी असलेली दुसरी छोटी सुई पकडते आणि मागच्या फासात विणते. म्हणून एक काठ विणलेला आणि दुसरा साखळीचा. प्रत्येक फटीत एकाऐवजी दोन धागे पडतात आणि मिनिटाला हजाराच्या वर फेऱ्या होतात. कांडी बदलायला थांबायचं नाही, कारण बाणा आता बाहेरच्या मोठ्या कोनावरून सरळ येतो. चारशे वर्षं धोटा न सोडण्याची जी मेहनत केली, ती धोटाच नको म्हणून निकालात निघाली. स्वित्झर्लंडच्या फ्रिक गावच्या याकोब म्युलर कंपनीनं १८८७ पासून फितीचे माग केले आणि हा सुईचा माग जगभर नेला. पुन्हा म्युलर. योगायोग.

मी पहिल्यांदा असे माग पाहिले ते मुंबईजवळच्या एका कारखान्यात. नाव सांगत नाही. तिथं नाडी, बॅगांचे पट्टे, इलॅस्टिकची पट्टी निघायची. धोट्याच्या मागांची रांग एका बाजूला, सुईचे दोन नवे माग दुसऱ्या बाजूला. धोट्याच्या मागाचा आवाज झोपाळ्यासारखा येतो-जातो. सुईचा नुसता सूं. आम्ही तरुण इंजिनिअर खूश झालो आणि पहिल्याच वर्षी शाळेच्या दप्तरांच्या पट्ट्यांची मोठी ऑर्डर त्या मागांवर लावली. पावसाळ्यात माल परत आला. पट्ट्याच्या टोकाला साखळीचा एक फास तुटला की पूर्ण काठ उसवत जायचा, स्वेटर उसवावा तसा. एका मुलीनं तो धागा ओढत ओढत दप्तराचा पट्टा निम्मा केला होता. साखळीत एक जादा धागा गुंतवला की ती उसवत नाही, ही सोय त्या मागावर होतीच. खर्च वाचवायला ती आम्हीच बंद ठेवली होती. ही सूचना देणारा माणूस मी होतो, कारखाना नव्हे. कामावर एक जुन्या बाई होत्या, फितीच्या वळकट्या तपासायच्या. त्या काठावरून नुसता अंगठा फिरवत म्हणाल्या, "साहेब, ह्याला एकच काठ आहे." तेव्हापासून मी प्रत्येक फितीचा काठ नखानं बघतो.

धोट्याचे माग त्या कारखान्यात भंगारात निघाले. एकेक माग कापताना त्यांचे धोटे पोत्यात भरून दिले, वजनावर. त्यातले थोडे मी काढून घेतले. पुढं मला कळलं की धोट्याचा अरुंद माग अजून पुरता मेलेला नाही. छातीतली मोठी धमनी फुगते तेव्हा तिच्या जागी शल्यविशारद पॉलिएस्टरची विणलेली नळी शिवतात. ती नळी सांध्याची चालत नाही, कारण सांध्यातून रक्त झिरपतं. सुईच्या मागावर ती धड होत नाही, कारण तिथं बाणा फास होऊन अलीकडच्याच बाजूला परततो. धोटा मात्र वरच्या थरातून पलीकडे जातो, खालच्या थरातून परत येतो, पुन्हा वर, पुन्हा खाली. एकच धागा गोल गोल, जिन्यासारखा चढत. कापड चपटं दिसतं, पण उघडलं की बिनसांध्याची नळी. त्यासाठी असले छोटे धोटे अजून चालतात, जकार्ड जोडलेले, स्वच्छ खोल्यांतून.

माझं बोलणं झालं. हा धोटा आणि फितीचा तुकडा टेबलावर ठेवतो. चहानंतर ज्यांना बघायचं आहे त्यांनी जरूर बघा. मुलांनाही हातात घेऊ द्या. फक्त ती बारीक स्प्रिंग ओढू नका, ती तुटली तर दुसरी मिळत नाही.